एक लाख कोटी जाहीर झाले, आमच्या वाट्याला काय? : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात केंद्राच्या संशोधन फंडाबद्दल दोन परिच्छेद काय लिहिले, मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या लोकांनी इनबॉक्स भरून टाकला. सगळी पत्रं छापणं शक्य नाही, जी घेतलीत ती थोडी कापून घेतलीयत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

ताई, आम्ही तिघं मित्र मिळून डायबेटिस असलेल्यांसाठी बुटात घालायची एक इनसोल बनवतोय, तळपायाचं तापमान मोजते आणि जखम व्हायच्या आधी मोबाइलवर सांगते. प्रोटोटाइप तयार आहे. एकजण म्हणाला सर्ब बंद झालं आता सगळं एएनआरएफकडे गेलं, दुसरा म्हणाला एक लाख कोटींचा आरडीआय फंड आलाय तिथे अर्ज टाका. नक्की कुठे जायचं? – पुणे

आधी सर्बचं, म्हणजे सायन्स अँड इंजिनिअरिंग रिसर्च बोर्डाचं बघू, कारण त्याचं तुम्ही उगाच वाईट वाटून घेताय. ते मंडळ २००८ च्या कायद्याने आलं आणि मुख्यतः प्राध्यापक-शास्त्रज्ञांना पैसे द्यायचं, तुमच्यासारख्या कंपनीला त्यातून तसंही फार काही मिळणार नव्हतं. २०२३ मध्ये अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा (एएनआरएफ) कायदा झाला, फेब्रुवारी २०२४ पासून तो लागू आहे आणि सर्ब त्यात विलीन झालं. पाच वर्षांत ५०,००० कोटी असा आकडा सांगितला गेला, पण त्यातले साधारण ३६,००० कोटी सरकारच्या तिजोरीबाहेरून, म्हणजे उद्योग, देणग्या वगैरेंतून यायचेत, हे हेडलाइनमध्ये कुणी छापत नाही.

आता आरडीआय, म्हणजे रिसर्च, डेव्हलपमेंट अँड इनोव्हेशन फंड. १ जुलै २०२५ ला कॅबिनेटने मंजूर केला, ३ नोव्हेंबर २०२५ ला पंतप्रधानांनी सुरू केला, रक्कम खरंच एक लाख कोटी. पण ते अनुदान नाहीये हो! पैसा आधी एएनआरएफमधल्या एका खास फंडात, तिथून दुसऱ्या पातळीवरच्या फंड मॅनेजरकडे, आणि तिथून कंपनीकडे, तोही कमी व्याजाचं लांब मुदतीचं कर्ज किंवा भागभांडवल म्हणून. टेक्नॉलॉजी डेव्हलपमेंट बोर्ड (टीडीबी) आणि बायोटेक कंपन्यांना मदत करणारी सरकारी संस्था बायरॅक हे त्या मॅनेजरांपैकी आहेत. टीआरएल (तंत्रज्ञान किती तयार झालंय याची पायरी) ४ आणि त्यापुढचे प्रकल्प त्यात बसतात, म्हणजे वस्तू किमान लॅबमध्ये चालताना दाखवता आली पाहिजे. तुमची कदाचित चालत असेल, पण विक्री शून्य असताना कर्ज घेऊन तिघांनी झोप घालवायची गरज नाही.

तुमचं दार म्हणजे बायरॅकची बिग (बायोटेक्नॉलॉजी इग्निशन) ग्रँट. १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत, अर्ज सहसा जानेवारी आणि जुलैमध्ये सुरू होतात, आणि तुम्ही पुण्यातच आहात, पाषाणला एनसीएलच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे ते बायरॅकचं पार्टनर आहे, तिथे जाऊन आधी बसा, नुसता फॉर्म भरू नका. प्रोटोटाइप अजून ओबडधोबड असेल तर केंद्राच्या विज्ञान खात्याची (डीएसटी) निधी-प्रयास योजना आहे, १० लाखांपर्यंत. एएनआरएफने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि गेट्स फाउंडेशनबरोबर महा-मेडटेक काढलंय ते ५ ते २५ कोटींच्या प्रकल्पांचं आहे, ते नंतर.

बजेट करताना एक गोष्ट बघा. नव्या टीमच्या शीटमध्ये पगार असतात, सेन्सर असतात, पीसीबी असतो, अॅप बनवणाऱ्याचे पैसे असतात, लॅपटॉप तर हमखास असतो. नसतं काय, तर एथिक्स कमिटीची फी, ट्रायलमधल्या पेशंटचा विमा, कातडीला लागणाऱ्या मटेरियलची आयएसओ १०९९३ ची टेस्ट (तुमची इनसोल तासन् तास पायाला घासणार, घाम येणार, त्यामुळे खाज-अॅलर्जीची टेस्ट चुकत नाही) आणि इलेक्ट्रिकल सेफ्टीची आयईसी ६०६०१. मग ग्रँटचे शेवटचे चार महिने उरतात, पैसे संपलेले असतात, आणि डॉक्टर विचारतात रिपोर्ट कुठेत. ट्रायलसाठी चार नग जरी बनवायचे असले तरी सीडीएससीओचं, म्हणजे औषधं-उपकरणांवर नियंत्रण ठेवणाऱ्या केंद्राच्या संस्थेचं, एमडी-१३ हे टेस्ट लायसन्स लागतं, तेही बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं.

आमचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पंधरा वर्षं हॉस्पिटलचे पलंग, सलाइन स्टँड बनवतो. आता एजंट म्हणतो लायसन्स नसेल तर कारखाना सील होईल, दोन लाख द्या करून देतो. खरं आहे का? आणि आम्हाला नवजात बाळांचं वॉर्मर पण काढायचंय. – कोल्हापूर

दोन लाख खिशातच ठेवा आधी.

मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ चे, लागू झाले १ जानेवारी २०१८ पासून. तेव्हा मोजकीच उपकरणं त्यात होती. मग फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचना निघाली की १ एप्रिल २०२० पासून सगळीच उपकरणं औषधांच्या कायद्याखाली, आणि लायसन्सची सक्ती धोक्याच्या वर्गाप्रमाणे (ए सगळ्यात कमी धोक्याचा, डी सगळ्यात जास्त) टप्प्याटप्प्याने आली: क्लास ए आणि बी ला १ ऑक्टोबर २०२२ पासून, सी आणि डी ला १ ऑक्टोबर २०२३ पासून. पण ऑक्टोबर २०२२ मध्येच अशी सूटही दिली की क्लास ए मधलं जे उपकरण स्टराइल नाही आणि काही मोजतही नाही त्याला लायसन्स नको, सीडीएससीओच्या पोर्टलवर स्वतः माहिती भरून नोंदणी करायची. साधा हाताने फिरवायचा पलंग, सलाइन स्टँड सहसा यात येतो. पोर्टलवर वर्गीकरणाच्या याद्या आहेत, आपल्या वस्तूचं नाव शोधा, प्रिंट काढा आणि एजंटला दाखवा.

वॉर्मरची गोष्ट मात्र वेगळी. बाळाच्या अंगावर उष्णता सोडणारी वस्तू वरच्या वर्गात जाते, तिथे चूक झाली तर भाजतं. क्लास ए-बी चं लायसन्स राज्याचं एफडीए देतं, सी-डी चं दिल्लीहून सीडीएससीओ. त्यासाठी आयएसओ १३४८५ ची, म्हणजे उपकरणांच्या क्वालिटीची, पद्धत वर्कशॉपमध्ये मुरायला लागते: कुठला स्क्रू कुठल्या लॉटचा, कुणी घट्ट केला, टेम्परेचर सेन्सर कधी कॅलिब्रेट केला हे सगळं कागदावर. तुमच्याकडच्या लोकांच्या हातात कला आहे यात शंकाच नाही, कागदाचा मात्र कंटाळा असणार, तेव्हा वॉर्मर काढायच्या आधी एक क्वालिटीवाला माणूस पगारावर घ्या. एजंटला द्यायचे पैसे त्याला द्या.

आणि जीएसटीचं विचारलं नाहीत तरी सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मेडिकल उपकरणांवर ५ टक्के झालाय, आणि तुम्ही स्टील, मोटर १८ टक्क्यांनी घेताय, म्हणजे तुमची वस्तू ५ टक्क्यांत येत असेल तर टॅक्स क्रेडिट साठत जाणार. ते रिफंड मागता येतं, पण फक्त मालावरचं, सर्व्हिसवरचं आणि मशीनरीवरचं नाही. सीएला आजच फोन करा.

मी आदिवासी भागात ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी स्टार्टअपवाले येतात, मशीन ठेवतात, फोटो काढतात, आणि जातात. मशीन बंद पडलं की फोन उचलत नाहीत. आम्ही यांना सपोर्ट करायचा म्हणजे नक्की काय करायचं? – नंदुरबार जिल्हा

डॉक्टरसाहेब, तुमचा वैताग समजतो, आणि मला विचाराल तर या सगळ्या खेळात सर्वात मोलाची जागा तुमचीच आहे, कारण शहरातल्या एसी वॉर्डात चाललेलं मशीन तुमच्याकडे लाइट गेल्यावर, धुळीत, आणि एकच नर्स तीन वॉर्ड बघतेय अशा वेळी चाललं तरच त्याला अर्थ.

पुढच्या वेळी कुणी आलं की चहा द्या, पण मशीन टेबलावर ठेवू देण्याआधी कागद मागा. ते टेस्ट लायसन्सवर आलंय का विक्रीच्या लायसन्सवर? पेशंटवर वापरून माहिती गोळा करणार असतील तर कुठल्या नोंदणीकृत एथिक्स कमिटीची परवानगी आहे? आधी बाजारात असलेल्या उपकरणासारखंच नसेल, एकदम नवीन असेल, तर क्लिनिकल इन्व्हेस्टिगेशनची सीडीएससीओची परवानगी वेगळी लागते, "डॉक्टर जरा वापरून बघा ना" एवढ्यावर भागत नाही. त्यात अडकले तर तुम्हीही अडकता. मग लेखी करार: बिघडलं तर किती दिवसांत माणूस येणार, स्ट्रिप किंवा कार्ट्रिज सहा महिन्यांनी कोण पुरवणार आणि काय भावाने, आणि पेशंटचा डेटा कुणाच्या सर्व्हरवर जाणार. हे शेवटचं आता फारच महत्त्वाचं झालंय, डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतायत, तेव्हा "आम्ही नंतर बघू" म्हणणाऱ्या पोरांना आत्ताच बघायला लावा.

जे लोक हे सगळं ऐकून पळून जातील ते तसेही फोटोवालेच होते. जे थांबतील त्यांना मेडटेक मित्रकडे पाठवा, डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेला मंच आहे, आयसीएमआर, सीडीएससीओ आणि नीती आयोग मिळून चालवतात, ट्रायल कशी आखायची आणि परवानगीची वाट कुठून जाते ते सांगतात. आणि तुम्ही स्वतः एक पान लिहून द्या, काय चाललं नाही ते. शंभर मार्गदर्शकांच्या सेशनपेक्षा ते पान कामाचं.

सरकारने खासगी कंपन्या का पोसायच्या? माझ्या टॅक्सचे पैसे शाळेला द्या, दवाखान्याला द्या. ही पोरं पैसे घेणार, कंपनी विकणार आणि अमेरिकेत जाणार. – ठाणे

काका, तुमचं अर्धं पटतं, उरलेल्या अर्ध्यावर भांडू.

गोव्यात मोलबायो नावाची कंपनी आहे, ट्रूनॅट नावाचं टीबीच्या तपासणीचं छोटं मशीन बनवते. बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, तालुक्याच्या दवाखान्यात टेबलावर ठेवता येतं, चिपवर थुंकीचा प्रक्रिया केलेला नमुना टाकला की साधारण तासाभरात टीबी आहे का नाही कळतं, आणि औषधाला दाद न देणारा टीबी आहे का हे पुढच्या चिपवर. यामागचं मूळ संशोधन बेंगळुरूच्या बिगटेक लॅब्जचं. त्याला फार वर्षं लागली, सुरुवातीच्या काळात सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या एका योजनेतून पैसा मिळाला, मग आयसीएमआरने ते तपासून बघितलं, मग राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाने विकत घ्यायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही शिफारस केली. त्याच वर्षी कोविड आला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यात ही मशीनं पडलेलीच होती, त्यावर कोविडच्या टेस्ट झाल्या. म्हणजे तुमचे पैसे दवाखान्यातच गेले की, फक्त वळसा घालून.

पुण्याच्या मायलॅबचंही तसंच, २३ मार्च २०२० ला त्यांच्या कोविड किटला परवानगी मिळाली, भारतीय कंपनीचं ते पहिलं किट. ती माणसं, ती लॅब आधीपासून नसती तर दीड महिन्यात किट आकाशातून पडलं नसतं. आपण मेडिकल उपकरणांपैकी साधारण ७० ते ८० टक्के बाहेरून आणतो असं नेहमी सांगितलं जातं, आणि बाहेरून माल यायचा थांबला की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय.

पण माझ्या मते यातला कळीचा आधार म्हणजे सरकार गिऱ्हाईक झालं हा. ग्रँट देऊन सोडून दिलं असतं तर ट्रूनॅट एखाद्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत दिसलं असतं. आणि तुमचा राग जिथे बरोबर आहे तिथेही मी तुमच्या बाजूने आहे: जी कंपनी मोठी झालीय, माल विकतेय, तिला फुकट अनुदान कशाला, कर्ज द्या, व्याज कमी घ्या हवं तर, पण परत घ्या. आरडीआयमध्ये तेच केलंय आणि मला ते आवडलं. फक्त कर्ज फेडायला ऑर्डर लागते, त्याचं पुढच्या पत्रात.

सरकारी हॉस्पिटलला पेशंट मॉनिटर दिले, बसवले, सह्या झाल्या, वर्ष होऊन गेलं पैसे नाहीत. दुसऱ्या टेंडरला गेलो तर तीन वर्षांचा टर्नओव्हर मागतात. योजना कसल्या घेऊन बसलात, आमचे पैसे द्या म्हणावं! – छत्रपती संभाजीनगर

भाऊ, तुमचं पत्र वाचून मी गप्पच बसले थोडा वेळ, कारण इनोव्हेशनच्या भाषणात हा विषय कुणी काढतच नाही.

पैशाचं आधी. लहान उद्योगांची उद्यम नोंदणी माल द्यायच्या आधीची असेल तर त्यांच्यासाठीचा एमएसएमईडी कायदा २००६ तुमच्या बाजूने आहे. ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ पद्धतीने व्याज, आणि गिऱ्हाईक सरकारी असलं तरी सुटका नाही. एमएसएमई मंत्रालयाच्या पोर्टलवर केस टाकता येते, ती राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. आता तुम्ही म्हणणार केस टाकली तर पुढची ऑर्डर कोण देणार, आणि ते खरंच आहे, म्हणून आधी लेखी पत्र द्या, त्यात कलम १५ आणि १६ चा उल्लेख करा आणि आजपर्यंतच्या व्याजाचा आकडा मांडा. अकाउंट सेक्शनला आकडा दिसला की फाइल हलते असा अनुभव आहे, नेहमी नाही, पण हलते. डिलिव्हरी चलन, इन्स्टॉलेशन रिपोर्ट, सही-शिक्का-तारीख, या तिन्हींची झेरॉक्स आपल्याकडे आहे ना तेवढं आज बघा, कारण पहिली हरकत तिथेच निघते.

टेंडरचं. केंद्राच्या उद्योग खात्याची (डीपीआयआयटी) स्टार्टअप मान्यता असेल तर केंद्राच्या खरेदीत आधीचा अनुभव आणि टर्नओव्हर यांत सवलत देता येते, क्वालिटीत नाही. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरही ती सोय आहे. पण "देता येते" आणि "देतात" यांत फरक आहे, टेंडर काढणाऱ्याने ती लागू केली नसेल तर प्री-बिड मीटिंगमध्ये लेखी विचारा, नंतर ओरडून उपयोग नाही. महाराष्ट्रात औषधं-उपकरणांची खरेदी आधी हाफकिनकडे होती, आता २०२३ च्या कायद्याने झालेल्या महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाकडे आलीय, त्यांच्या अटी वेगळ्या वाचाव्या लागतात. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप वीक असतो, त्यातल्या विजेत्यांना सरकारी खात्यात पायलट करायला थेट वर्क ऑर्डर मिळते. रक्कम लहान, पण "सरकारला माल दिलाय" असा कागद हातात येतो आणि पुढच्या टेंडरला तोच लागतो.

राहता राहिलं एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त त्याला ऑर्डर. मॉनिटर आज स्वस्त आणि दोन वर्षांनी प्रोब मिळेना, असं होतं तोवर बिल पास झालेलं असतं. मला विचाराल तर नवे फंड काढण्याआधी पाच वर्षांचा दुरुस्तीचा खर्च धरून भाव बघायची सक्ती करावी. पैसा न वाढवता कंपन्यांना होणारी ही सगळ्यात मोठी मदत आहे, आणि काकांनाही पटेल.

मुलगा एकतीस वर्षांचा, चांगली नोकरी सोडून ईसीजीचं काहीतरी करतोय, तीन वर्षं पगार नाही. त्याला समजवा हो. – सातारा

काकू, त्याला मी कशी समजावणार, तो तुमचं ऐकत नाही! पण दोन प्रश्न विचारा जेवताना: लायसन्स कुठवर आलं आणि विकत घेणारा एक तरी डॉक्टर आहे का, फुकट वापरणारा नव्हे. दोन्हीला सरळ उत्तर आलं तर अजून वर्षभर डबा भरून द्या. उत्तर "आम्ही फंडिंगचं बघतोय" असं आलं तर मात्र बोलायची वेळ झालीय.

मी मराठी, गेली काही वर्षं ऑकलंडला हेल्थटेक कंपनीत आहे. इथे कॅलाहन इनोव्हेशन बंद करतायत, सगळं विज्ञानखातंच ढवळलंय. भारतात परत यावं का? – ऑकलंड

तुमच्याकडचं वाचकांना थोडक्यात सांगते: जानेवारी २०२५ मध्ये न्यूझीलंड सरकारने कॅलाहन इनोव्हेशन ही कंपन्यांना संशोधनात मदत करणारी संस्था बंद करायचं जाहीर केलं, सात सरकारी संशोधन संस्थांची फेररचना करून तीन संस्था केल्या, आणि प्रगत तंत्रज्ञानासाठी वेगळी नवी संस्था काढतायत. गंमत बघा, तिकडे आणि इकडे दोन्हीकडे पाट्याच बदलतायत. पण तुमच्याकडे संशोधनाच्या खर्चावर १५ टक्के टॅक्स क्रेडिट आहे, संस्था बंद झाली तरी ते राहिलं, आणि छोट्या कंपनीला ते फार धरून ठेवतं कारण त्यासाठी ग्रँटसारखं इतरांशी स्पर्धेत उतरायचं नसतं. आपल्याकडे एकेकाळी कंपनीच्या संशोधन खर्चावर २०० टक्के वजावट मिळायची, ती १५० वर आली आणि एप्रिल २०२० पासून १०० वर, म्हणजे वेगळं असं काही उरलंच नाही. फंड लाख कोटींचा काढला, पण ही सवलत परत आणायला हवी होती असं माझं स्पष्ट मत आहे.

परत यायचं का ते घरचे बघून ठरवा. मात्र यायचंच असेल तर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या परवानग्यांचा तुमचा अनुभव इथे सोन्याच्या भावाने जाईल, निर्यात करायची स्वप्नं सगळ्यांना आहेत आणि ते कागद करणारी माणसं फार थोडी.

मी बायोमेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टार्टअप काढू का नोकरी करू? – नागपूर

आधी नोकरी कर, तीही रेग्युलेटरी किंवा सर्व्हिस इंजिनिअरची. आयआयटी मुंबईत २०१४ पासून बेटिक नावाचं केंद्र आहे, राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने सुरू झालेलं, डॉक्टर आणि इंजिनिअर एकत्र बसून उपकरणं बनवतात, आणि त्याची एक शाखा तुझ्याच गावात व्हीएनआयटीत काढली होती. तिथे आत्ता काय चाललंय ते जाऊन विचार. आणि कॉलेज सुटलं की मेडिकलच्या कुठल्याही वॉर्डात बायोमेडिकल स्टोअरच्या माणसाशी ओळख काढ, बंद पडलेली मशीनं कुठली आणि का बंद पडली ते वहीत लिही. वही भरली की मला पुन्हा पत्र टाक.